'पब्लिक कॅरिअर' ते 'एन. पी.': ट्रकचं परमिट सुटलं, पण भाडं कोणाच्या हातात गेलं?

पाटणचा पाहुणा

गेल्या महिन्यात गावचं घर आवरताना अण्णांची पत्र्याची पेटी उघडली. आत विम्याच्या पावत्या, एक टायर-लिव्हर, म्हणजे टायर काढायचा लोखंडी दांडा (तो का जपून ठेवला होता देव जाणे), आणि परमिटचे कागद. घड्यांवर विरलेले, आणि शिक्के इतके की मूळ मजकूर हुडकावा लागतो.

अण्णांची एकच गाडी होती. केबिनच्या कपाळावर इंग्रजीत 'पब्लिक कॅरिअर' रंगवलेलं. लहानपणी मला ते गाडीचं नाव वाटायचं. गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर 'प्रायव्हेट कॅरिअर' होतं, म्हणून ती श्रीमंताची आणि आमची सगळ्यांची, असा माझा हिशेब. फार चुकीचा नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालगाड्यांच्या या दोन जाती केल्या होत्या. पब्लिकवाल्याने भाडं घेऊन कोणाचाही माल न्यायचा, प्रायव्हेटवाल्याने फक्त स्वतःचा. त्यामुळे त्या व्यापाऱ्याची गाडी गूळ घेऊन मुंबईला जायची आणि रिकामी खडखडत परत यायची. येताना दुसऱ्याची चार पोती टाकली तर गुन्हा.

तो कायदा का आला हे शोधताना कळलं, की सगळं मुळात रेल्वेसाठी होतं. तीसच्या दशकातल्या मंदीत लॉऱ्या रेल्वेचं गिऱ्हाईक पळवायला लागल्या. सरकारचा पैसा रुळांत अडकलेला. मिचेल आणि कर्कनेस या दोन साहेबांनी १९३२-३३ मध्ये रस्ता विरुद्ध रेल्वे अशी चौकशी केली आणि काही वर्षांत परमिट आलं. नवं परमिट मागितलं की प्रादेशिक परिवहन प्राधिकरण अर्ज जाहीर करणार, आणि आधीपासून धंद्यात असलेला त्यावर हरकत घेणार. नवीन खानावळ काढायला समोरच्या खानावळवाल्याची परवानगी, तसलाच प्रकार.

परमिट एका राज्याचं. कर्नाटकात जायचं तर तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी हवी, आणि अशा किती गाड्या सोडायच्या हे दोन राज्यांनी आपसांत ठरवलेलं. कोगनोळीचा नाका जवळ आला की पोटात गोळा यायचा, असं अण्णा सांगत. मिनू मसानींच्या समितीने १९५९ मध्येच हा फास सैल करा म्हणून सांगितलं होतं. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना, म्हणजे नॅशनल परमिट किंवा एन. पी., आला, पण राज्यागणिक कोटा ठरवून. अण्णांना तो कधीच मिळाला नाही. आमच्या भागात परमिट एकाच्या नावावर आणि गाडी दुसऱ्याची असे संसार बरेच होते.

मग १९८८ चा कायदा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. पब्लिक-प्रायव्हेट हा भेद गेला आणि परमिटचा अर्ज सहसा नाकारू नये असं कायद्यातच लिहिलं गेलं. उदारीकरण म्हटलं की सगळे १९९१ म्हणतात. ट्रकचं त्याच्या दोन वर्षं आधीच उरकलं होतं, ढोलताशे न वाजवता.

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्याच दिवशी चुलतभाऊ पेटी बघायला आला. त्याच्या दोन चौदा टायर गाड्या आहेत. कागद हातात घेऊन म्हणाला, "ह्ये राहायला पायजे होतं. गाड्या कमी राहिल्या असत्या, भाडं तरी मिळालं असतं." आणि मग, "रिक्षाला मीटर हाय, आमाला का नाय? सरकारनं किमान भाडं ठरवून द्यावं."

अण्णा ज्याच्या नावाने बोटं मोडत आले, ते याला परत हवंय. मला उत्तर सुचलं नाही. या मंचावर धंद्यातले लोक आहेत. भाडं सरकारने ठरवावं का?

तिरकस

टायर-लिव्हर रात्री केबिनमध्ये उशाशी लागतं. बाकी वाचतोय.

टायरमास्तर

तीन गाड्या आहेत, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरातून भरतो. पाहुणे, तुमच्या चुलतभावाचं बरोबर आहे आणि चूकही आहे. सांगतो कसं ते.

गाडी घ्यायला आज काही लागत नाही. डाऊन पेमेंट, दोन जामीन, आणि फायनान्सवाला घरी येऊन सह्या घेतो. पाच वर्षं दुसऱ्याची गाडी चालवलेला ड्रायव्हर स्वतःची घेतो. मी पण तसाच आलो. अण्णांच्या काळात आलोच नसतो, म्हणून परमिट परत आणा असं माझ्या तोंडून निघणार नाही.

पण घेतल्यावर काय? बाकी सगळ्यांचे भाव ठरलेले. डिझेल पंपावर लिहिलेलं, टोल पाटीवर लिहिलेला, हप्त्याची तारीख ठरलेली. थर्ड पार्टी विमा तर सरकारच ठरवतं. २० ते ४० टनांत बसणाऱ्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकात ४३,९५० रुपये, वर जीएसटी. घासाघीस नाही. घासाघीस फक्त एका आकड्यावर, आमच्या भाड्यावर.

ते ठरतं असं. कंपनीचं वर्षाचं कंत्राट मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे. त्याच्या स्वतःच्या गाड्या थोड्या. तो दलालाला फोन करतो, दलाल दहा जणांना. कंपनीने ट्रान्सपोर्टरला किती दिले ते आम्हाला कधी कळत नाही. निघताना अ‍ॅडव्हान्स, बाकी पोच आल्यावर. पोच म्हणजे माल उतरवून शिक्का मारलेली पावती. ती हातात दिली तरी बाकी महिना-दोन महिने लटकते, आणि येते तेव्हा त्यातून शॉर्टेज, हमाली, असं काहीबाही वजा झालेलं असतं. आमच्या भागात हमालीला वाराई म्हणतात. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा देऊन आमचे घसे बसले, पण बऱ्याच ठिकाणी अजून गाडीवालाच भरतो.

आणि मारतं ते रिटर्न. चेन्नईला जाताना नीट भाडं मिळालं. येताना तिथे माझ्यासारख्या गाड्या रांगेत उभ्या. रिकामं येण्यापेक्षा डिझेल निघालं तरी बस, असं म्हणून एक जण पडेल भावात भरतो. दुसऱ्या दिवशी तोच त्या गावचा भाव. तो भरणारा एखादा दिवस मीच असतो, कबूल आहे.

मुलुंडची वेस

टायरमास्तर, सुंदर लिहिलंत. वेगळा लेख करा याचा.

थोडं अवांतर. परमिट १९८९ ला सुटलं म्हणता, पण गाडी कुठे सुटली होती? मी मुलुंडच्या जकात नाक्याजवळ वाढले. रात्री खिडकीतून रांग दिसायची, दिव्यांची माळ. ड्रायव्हर गाडीखाली झोळी बांधून झोपायचे. मुंबई महापालिकेला जकातीतून वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळायचे, मग ती कोण सोडतंय! राज्यातल्या इतर महापालिकांतून ती आधी गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांचा गेला. मुंबईची जकात मात्र थेट १ जुलै २०१७ ला, जीएसटीबरोबर. कायद्याने गाडी देशभर फिरायला मोकळी, आणि मुलुंडला आठ तास उभी.

पाटणचा पाहुणा

अगदी. परवान्याचंही तसंच. २०१० पर्यंत राष्ट्रीय परवान्याला घरचं धरून किमान चार राज्यं निवडावी लागायची आणि प्रत्येक राज्याच्या नावाने वेगळा बँक ड्राफ्ट. मोठ्या राज्याला वर्षाला पाच हजार. म्हणजे परवान्याचं नाव राष्ट्रीय, पण राष्ट्रातली चारच राज्यं. २०१० मध्ये एकरकमी पंधरा हजारांत सगळा देश झाला, दोन वर्षांनी साडेसोळा. एन. पी. लिहिलेली गाडी खऱ्या अर्थाने एन. पी. झाली ती तेव्हा.

हिशेबी माणूस

किमान भाड्याच्या मागणीबद्दल. भावना समजते, हिशेब जुळत नाही.

समजा सरकारने टनामागे किलोमीटरला अमुक रुपये ठरवले, आणि ते आजच्या बाजारभावापेक्षा वर आहेत (खाली असतील तर ठरवून उपयोग काय?). माल तेवढाच, भाडं चांगलं. म्हणजे आणखी लोक गाड्या घेणार. गाड्या जास्त, माल तेवढाच, भाव खाली येऊ शकत नाही. मग काय होणार? नंबर लागणार. आज भाव पडतो, तेव्हा गाडी उभी राहील. महिन्याला आठ खेपांऐवजी चार, आणि हप्ता तोच.

यावर उपाय काय, तर नव्या गाड्या बंद करा. म्हणजे परमिट. चुलतभावाने पहिल्या वाक्यात परमिट मागितलं आणि दुसऱ्यात किमान भाडं, त्यात विसंगती नाही. एक मागितलं की दुसरं मागावंच लागतं.

हे कागदावरचं नाही. हिमाचलात बरमाणा आणि दाडलाघाट इथे सिमेंटचे कारखाने आहेत. तिथे माल भरायचा तो स्थानिक ट्रक संघटनेच्या गाड्यांनी, नंबराने, संघटनेशी ठरलेल्या दराने. कारखाने अदानी समूहाकडे गेल्यावर कंपनीने दर परवडत नाही म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही बंद केले. दोन महिन्यांहून जास्त काळ हजारो ट्रक उभे. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मध्ये पडून दर खाली आणला: टन-किलोमीटरला मोठ्या गाडीला ९ रुपये ३० पैसे, लहान गाडीला १० रुपये ३० पैसे. तेव्हा चूल कोणाची विझली होती? हप्तेवाल्यांचीच.

टायरमास्तर

हिशेबी, एक गोष्ट राहिली. तिथल्या पुष्कळ गाडीवाल्यांच्या जमिनी त्या कारखान्यांत गेल्या आहेत. जमीन घेताना रोजगाराचं बोलणं झालं होतं, त्यातून गाड्या आल्या. त्याला नुसती मक्तेदारी म्हणून मोकळं होता येत नाही.

आणि दर खाली आला तरी तो समोर बसून ठरला. मला चेन्नईत कोण विचारतं?

हिशेबी माणूस

जमिनीचा मुद्दा मान्य, तो लिहायला हवा होता. पण बाहेरचा गाडीवाला तिथे सिमेंट भरू शकत नव्हता, हेही खरं ना? तुमची गाडी तिथे गेली असती तर? पंजाबात २०१७ मध्ये सरकारने नियमच काढला, की संघटनेने दुसऱ्याच्या गाडीला माल भरण्यापासून अडवायचं नाही. ही बंधनं काही सरकारने घातलेली नव्हती, गाडीवाल्यांनीच गाडीवाल्यांवर घातलेली होती.

काळा कोट

दोन दुरुस्त्या, वकिली खाजेपोटी.

एक. सरकारला भाडं ठरवता येत नाही असा सूर दिसतोय. येतं. १९८८ च्या कायद्याचं कलम ६७ वाचा, राज्य सरकारला प्रवासी आणि माल दोन्हींचं भाडं, किमान आणि कमाल धरून, ठरवून देण्याचे आदेश काढता येतात. रिक्षा-टॅक्सीला ते वापरलं जातं. ट्रकच्या बाबतीत अधिकार म्यानात आहे. म्हणजे ट्रकभाडं मोकळं सोडलंय ते कायद्याने नाही, सरकारच्या इच्छेने.

दोन. टायरमास्तर ज्याला मोठा ट्रान्सपोर्टर म्हणतात त्याच्यावर नियमन जवळपास नव्हतंच. गाडीवाल्याच्या मानेवर ३९ सालापासून परमिट, आणि माल बुक करून बिल्टी (माल वाहून नेण्यासाठी घेतल्याची पावती) देणाऱ्याला लागू कायदा १८६५ चा! राणीच्या राज्यातला. त्यात माल हरवला तर जबाबदारी कोणाची एवढंच मुख्यतः होतं. २००७ मध्ये नवा रस्ते मालवाहतूक कायदा झाला, १ मार्च २०११ पासून लागू. आता बिल्टी देणाऱ्याने नोंदणी करायची, दहा वर्षांसाठी. मात्र गाडीवाल्याची बाकी किती दिवसांत द्यायची, वाट पाहायला लावली तर काय, याबद्दल त्यात काही नाही. माल पाठवणाऱ्याचं रक्षण आहे, चाकं फिरवणाऱ्याचं नाही.

मला विचाराल तर किमान भाड्यापेक्षा ही मागणी जास्त नेमकी आहे. पोच दिल्यापासून इतक्या दिवसांत बाकी, नाहीतर व्याज.

टायरमास्तर

काळा कोट, तुमच्या तोंडात साखर पडो. भाडं दोन रुपये कमी द्या पण वेळेवर द्या, हे आमच्याकडे कोणीही म्हणेल.

क्लीव्हलंडकर

उशिरा आलो, तुमची सकाळ आमची रात्र. मी इथे ट्रक कंपन्यांना लागणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ठिकाणी काम करतो. चुलतभावाचा प्रश्न अमेरिकेने पंचेचाळीस वर्षं प्रत्यक्ष जगून पाहिलाय, म्हणून थोडं सविस्तर.

इथेही सुरुवात मंदीतच. १९३५ मध्ये रूझवेल्टच्या काळात कायदा झाला आणि रेल्वेवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या ताब्यात ट्रकही दिले. आधीपासून असलेल्यांना आपोआप परवाना, नव्याने सिद्ध करायचं की लोकांना माझी गरज आहे. जुने हरकत घेणार. ओळखीचं वाटतंय ना? परवान्यात काय न्यायचं आणि कोणत्या रस्त्याने न्यायचं तेही लिहिलेलं. दोन गावांचे वेगवेगळे परवाने जोडून धंदा करायचा, तर दोन्हींत सामाईक असलेल्या शहरातून वळसा घालूनच जायला लागायचं, सरळ रस्ता मोकळा असला तरी. रंग न्यायची परवानगी असेल तर येताना फर्निचर नाही. पाहुण्यांच्या गुळाच्या गाडीचे भाऊबंद इथे खंडीभर होते.

शेतमालाला मात्र सूट. यातून अशी भांडणं झाली की वकिलांची चांदी. जिवंत कोंबडी शेतमाल, हे सगळ्यांना मान्य. पण सोलून, साफ करून गोठवलेली? आयोग म्हणाला तो कारखान्याचा माल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५६ मध्ये न्यायमूर्तींनी निकाल दिला, की पिसं काढली तरी कोंबडी कोंबडीच राहते. (शब्द माझे.)

दर कंपन्या एकत्र बसून ठरवायच्या. एरवी हा गुन्हा, पण १९४८ मध्ये संसदेने ट्रूमनचा नकाराधिकार धुडकावून त्यांना खास सूट दिली. वर टीमस्टर्स ही जबरदस्त कामगार संघटना. तिचा पुढारी जिमी हॉफाने १९६४ मध्ये देशभराचा एकच वेतनकरार करून घेतला. म्हणजे मालकांना ठरलेला दर, ड्रायव्हरला उत्तम पगार, आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी. कंपन्यांच्या ताळेबंदात परवाना हीच मोठी मालमत्ता असायची.

१ जुलै १९८० ला कार्टरने हे नियमन उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि दार उघडलं. मागे लागला होता टेड केनेडी, म्हणजे कामगारांचा कैवारी डेमोक्रॅट, हे विशेष. कंपन्यांना परवान्याची किंमत वहीतून पुसून टाकावी लागली. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्या दुपटीहून जास्त, १८ हजारांच्या आसपास होत्या त्या ४० हजारांवर. भाडी उतरली, कारखानदार खूश. राज्यांच्या आतलं नियमन १९९५ च्या सुरुवातीला संपलं आणि त्याच वर्षाअखेर तो आयोगही बंद.

पण टीमस्टर्सवाल्या जुन्या कंपन्या एकेक करून गेल्या. यलो नावाची जवळपास शंभर वर्षं जुनी कंपनी २०२३ मध्ये बंद पडली, तीस हजारांच्या आसपास लोक घरी. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला आता बहुतेक ठिकाणी मैलावर पैसे. गोदामाच्या दारात पाच तास थांबला तर त्यातले बरेच तास फुकट. जादा तासांचा दीडपट पगार इतरांना मिळतो, त्या १९३८ च्या कायद्यातून ट्रक ड्रायव्हरला वगळलंय, ते आजतागायत. नियमन होतं तेव्हा संघटना पगार भांडून घ्यायची, म्हणून ते बोचलं नसावं. नियमन उठवलं, वगळणूक तेवढी ठेवली.

दार उघडल्याचा फायदा झाला, त्यात हिशेबी माणसाशी वाद नाही. तो कोणाच्या खिशातून आला याचं उत्तर इथे ट्रकस्टॉपवर मिळतं. तिथे आता पंजाबी ढाबेही आहेत, म्हणून मी पण जातो.

तिरकस

पिसं काढलेली कोंबडी म्हणजे पोच दिलेला गाडीवाला.

कांदेपोहे

सगळे गाडीवाल्याच्या बाजूने बोलताय, जरा आमचं पण ऐका. मी लासलगाव भागातला, कांदा बाहेर पाठवतो. किमान भाडं ठरवा म्हणता, ते भरणार कोण? गुवाहाटीच्या आडत्याला त्याचा भाव ठरलेला आहे. भाडं वाढलं की तो शेतकऱ्याला कमी देणार. बाजार समितीत कांदा मातीमोल होतो त्या आठवड्यात मालापेक्षा गाडीचं भाडं जास्त असतं, हे मी खूपदा पाहिलंय.

आणि भाडं नेहमी पडलेलंच असतं असं नाही बरं. दिवाळीत ड्रायव्हर गावी गेले की हेच दलाल आम्हाला फोन उचलत नाहीत. तेव्हा म्हणू का, कमाल भाडं ठरवा? टोमॅटो असेल तर दुसऱ्या दिवशी चिखल होतो. आम्हीही त्या वेळी मागेल ते देतो.

टायरमास्तर

दिवाळीचं म्हणता ते खरं. वर्षात तीस-चाळीस दिवस आमचे असतात.

उरणवाली

मी न्हावा शेवाच्या बाजूला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करते, ट्रेलरवाल्यांशी रोज बोलणं. इथे प्रश्न दराचा कमी आणि तासांचा जास्त. भरलेला बॉक्स बंदरातून काढायचा, गोदामात खाली करायचा, रिकामा बॉक्स सांगितलेल्या यार्डात टाकायचा. ऐन वेळी यार्ड बदलतं, तिथे रांग, दिवस गेला. भाडं खेपेवर, थांबल्याचे पैसे मागितले तर 'पुढच्या वेळी बघू'. क्लीव्हलंडकरांनी लिहिलेलं गोदामाचं दार वाचून मला कळंबोलीच आठवली.

आणि सरकारने नियमन सोडलं म्हणताय, ते फक्त भाड्याचं. वेळेचं नियमन उलट गाडीवाल्याच्याच डोक्यावर आलं. ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारी ऑनलाइन नोंद) आलं तेव्हा शंभर किलोमीटरला एक दिवस मुदत होती. २०२१ च्या जानेवारीपासून दोनशे किलोमीटरला एक दिवस. नाके गेले हे खूप मोठं सुख, नाही म्हणत नाही. पण गोदामवाल्याने दोन दिवस उभं केलं आणि बिलाची मुदत संपली, तर रस्त्यात पकडला जातो तो ड्रायव्हर. गोदामाच्या दारात किती तास उभं केलं याची नोंद कोणताच कायदा मागत नाही.

हिशेबी माणूस

हा मुद्दा मी मान्य करतो. थांबण्याला किंमत नसेल तर थांबवणारा थांबवत राहणार. तिथे नियम केला तर माझा विरोध नाही, उलट गाड्या जास्त फिरतील. माझा विरोध फक्त दर बांधण्याला.

मुलुंडची वेस

मग रिक्षाचं काय? तिथे दर बांधलेला आहे आणि २०१७ मध्ये परमिटही खुलं केलं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नंबर लागायला हवा.

हिशेबी माणूस

कुठल्याही स्टेशनबाहेर जाऊन बघा.

टायरमास्तर

२०१८ बद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा घाव तो होता, आणि त्याला कोणी नियमन म्हणत नाही.

त्या जुलैत चक्काजाम चालू व्हायच्या तोंडावर केंद्राने अ‍ॅक्सलवर, म्हणजे आसावर, चालणाऱ्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायर गाडी २५ टनांची होती ती साडेअठ्ठावीसची झाली. ४९ टनांचा ट्रेलर ५५ चा. भेट म्हणून दिलं होतं. ओव्हरलोड करून चिरीमिरी देत होतात ना, घ्या, आता कायदेशीर भरा. (२००५ च्या आधी तर काही राज्यं ओव्हरलोडसाठी कार्डं विकायची, सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं.) आम्हीही पेढे वाटले.

सहा महिन्यांत लक्षात आलं. एका रात्रीत देशातल्या जड गाड्यांत काही टन जागा वाढली, माल वाढला नाही. म्हणजे एकही नवी गाडी न येता गाड्या वाढल्या. वर जीएसटीने नाके गेलेले, त्यामुळे त्याच गाडीच्या खेपाही वाढल्या. भाडं असं बसलं की पुढच्या वर्षी कंपन्यांच्या नव्या गाड्यासुद्धा खपेनात. टनावर भाडं, आणि टनाचा भावच पडलेला, मग साडेतीन टन जास्त वाहून पैसे जवळपास तेच, आणि टायर-डिझेल मात्र जास्त. हिशेबी, याला तुम्ही कार्यक्षमता म्हणाल.

हिशेबी माणूस

म्हणेन. कांदेपोह्यांचा कांदा स्वस्तात गेला असेल.

कांदेपोहे

गेला, पण फरक आडत्याने ठेवला.

संपादक

या ठिकाणी आलेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पक्षांवरची भांडणं वेगळ्या धाग्यावर.

काळा कोट

एक गोष्ट जाता जाता. परमिटातून पूर्ण सुटका झालेली एक गाडी महाराष्ट्रातच जन्मली. एकूण वजन तीन टनांपर्यंत असेल तर मालगाडीला परमिटच लागत नाही, हे ८८ च्या कायद्यात आहे. २००५ मध्ये पुण्याहून छोटा हत्ती निघाला, तो बरोबर त्या सवलतीत बसणारा. भाजी, फर्निचर, गणपती, सगळं त्यातून जातं आणि आरटीओकडे परमिटसाठी कोणी जात नाही. भाडं विचाराल तर प्रत्येक नाक्यावर वेगळं.

तिरकस

आणि मागच्या फळीवर 'आईची कृपा'. 'हॉर्न ओके प्लीज' मात्र २०१५ पासून महाराष्ट्रात बंद. बघा, नियमन आहे.

पाटणचा पाहुणा

सगळ्यांचे आभार. काल चुलतभावाला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. हिमाचलचं ऐकताना गप्प बसला. अमेरिकेची कोंबडी त्याला फार आवडली. २०१८ चं आलं तेव्हा म्हणाला, "हां, ह्ये." वकीलसाहेबांचं व्याजाचं त्याने दोनदा वाचायला लावलं. शेवटी परमिटचा कागद घडी करून पेटीत टाकला आणि म्हणाला, "परमिट ऱ्हाऊ दे. मीटरचं काय ते बघा." म्हणजे हिशेबींचं अर्धंच पटलंय.

टायर-लिव्हर तो घेऊन गेला.

कांदेपोहे

पाहुणे, भावाच्या गाड्या सध्या कुठे आहेत? परवा लासलगावहून गुवाहाटीला एक चौदा टायर भरायचीय. हमाली माझ्याकडे.

पाटणचा पाहुणा

एक नाशिकला खाली होतेय उद्या. भाडं काय देताय?

कांदेपोहे

व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

टायरमास्तर

इथेच लिहा की. आम्हालाही कळू दे.